बोट पाहुण्यांसाठी की घरच्यांसाठी?

पत्राचा गोषवारा

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या, त्यांचे पती आणि १२ व ८ वर्षांची दोन मुले असे हे कुटुंब मिनिआपोलिसच्या उपनगरात राहते. गेल्या वर्षी त्यांनी ब्रेनर्डच्या बाजूला, घरापासून अडीच तासांवर, साधारण ४०० एकरांच्या एका तळ्याकाठी छोटी केबिन घेतली. आता बोट घ्यायची आहे. ती पोंटून बोटच असावी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या लांब पोकळ नळ्यांवर सपाट डेक, भोवती कठडा आणि बसायला सोफे असलेली बोट असावी, यावर दोघांचे एकमत आहे; वाद आकाराचा आहे. पतींच्या मनात २४ फुटी, तीन नळ्यांची, १५० अश्वशक्तीच्या इंजिनाची बोट भरली आहे. तिची किंमत ६७,००० डॉलर सांगितली आहे आणि तिच्यावर १३ माणसे बसू शकतात. या भगिनींना १८ फुटी, दोन नळ्यांची, ६० अश्वशक्तीची आणि आठ माणसांची बोट पुरेशी वाटते. तिची किंमत २९,००० डॉलर आहे. पतींचे म्हणणे असे की, ही वस्तू आयुष्यात एकदाच घ्यायची, मग मोठीच घ्यावी. ४ जुलैच्या सुट्टीत मंडळातली तीन कुटुंबे राहायला येतात आणि सासूसासरे दर उन्हाळ्यात पुण्याहून येतात, त्यांना काठावर बसवून आपण पाण्यात फिरायचे का, असा त्यांचा प्रश्न आहे. या भगिनींना पोहता येत नाही, मोठी बोट आपल्याला झेपणार नाही असे त्यांना वाटते आणि कर्जाचीही काळजी आहे. त्या विचारतात, ‘मी उगाच घाबरते आहे का? आणि लहान बोट घेतली तर दोन वर्षांत पस्तावण्याची वेळ येईल का?’

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन्ही बोटींची लांबी, इंजिनाची ताकद आणि किंमत बारकाईने दिलेली आहे, पाहुण्यांचा हिशेबही आहे. पण ज्या तळ्यावर ही बोट चालणार आहे त्याच्याविषयी सबंध पत्रात एकच वाक्य आहे. माझ्या मते विचाराची सुरुवात त्या वाक्यापासून व्हायला हवी, कारण बोट केवढी हवी हे घरातली माणसे जितके ठरवतात तितकेच पाणीही ठरवते.

४०० एकर म्हणजे पाऊण चौरस मैलापेक्षाही कमी. तळे बरेच लांबट असले तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत ते सहसा मैल-दीड मैलाहून फार जास्त भरणार नाही. १५० अश्वशक्तीची बोट ताशी ३० मैलांच्या वेगाने मैलभराचे अंतर दोन मिनिटांत कापते; लहान बोट ताशी २० मैलांनी गेली तर तिला तीन मिनिटे लागतात. शिवाय किनाऱ्याजवळ, लोकांच्या डॉकजवळ (काठावरून पाण्यात नेलेल्या फळ्यांच्या धक्क्याजवळ) आणि पोहणाऱ्यांच्या आसपास वेग उतरवावाच लागतो, त्यामुळे मोठ्या इंजिनाची ताकद मोकळेपणाने वापरता येईल असे पाणी तुमच्या वाट्याला फारच थोडे आहे. काही तळ्यांवर वेगाचे किंवा अश्वशक्तीचे स्थानिक निर्बंधही असतात. तुमच्या तळ्यावर तसे काही आहे का, हे आधी पाहून घ्यावे.

तिसऱ्या नळीचेही तसेच आहे. ती निरुपयोगी आहे असे मी अजिबात म्हणणार नाही. मधल्या नळीमुळे बोटीची तरंगण्याची क्षमता वाढते, मोठे इंजिन लावता येते, लाटांवर डेक कमी आपटतो आणि वेगात वळताना बोट बाहेरच्या बाजूला कलंडल्यासारखी न होता आतल्या बाजूला झुकून वळते. हे सारे फायदे खरे आहेत. पण ते मोठ्या, उघड्या पाण्यावर आणि मोठ्या वेगाला जाणवतात. तुमच्याच राज्यातले मिल लॅक्स घ्या. सुमारे १,३२,००० एकरांचे ते सरोवर विस्ताराच्या मानाने उथळ असल्यामुळे वारा सुटला की तिथे बघता बघता उंच आणि लागोपाठच्या लाटा उठतात. तुमची केबिन त्या काठावर असती, तर १८ फुटी बोटीला मी स्पष्ट नकार दिला असता आणि तुमच्या पतींच्या बाजूने उभी राहिले असते. ४०० एकरांच्या, बहुधा झाडीने वेढलेल्या तळ्यावर तेवढी लाट उठायला वाऱ्याला मोकळे पाणीच मिळत नाही.

पोंटून बोट मुळात अशाच पाण्यासाठी जन्माला आली, हेही जाता जाता सांगायला हवे. १९५२ मध्ये मिनेसोटातल्याच रिचमंड या गावचे शेतकरी ॲम्ब्रोज वीअर्स यांनी पोलादी पिंपे एकापुढे एक जोडून त्यांच्या दोन रांगा केल्या आणि त्यांवर लाकडी डेक बसवला. नेहमीच्या बोटीपेक्षा असा सपाट डेक पाण्यावर अधिक स्थिर राहील, असा त्यांचा कयास होता. त्यातून जी बोट पुढे घरोघरी गेली, ती घरच्या माणसांना घेऊन लहान तळ्यावर निवांत फिरण्याचीच. त्यामुळे लहान पोंटून घेणे म्हणजे हौसेला मुरड घालणे, ही भावना मनातून काढून टाकावी.

आता पाहुण्यांकडे येऊ, कारण तुमच्या घरातल्या धुसफुशीचे मूळ तिथे आहे. घरी आलेल्या माणसाला काठावर बसवून आपण फिरायचे, ही कल्पना तुमच्या पतींना बोचते, यात त्यांचा चांगुलपणाच आहे आणि त्याची थट्टा होऊ नये. पण हिशेब तर मांडू या. तीन कुटुंबे म्हणजे साधारण १२ माणसे, तुम्ही चौघे, आणि त्याच सुमारास सासूसासरे आलेले असतील तर एकूण १८. मोठ्या बोटीवर १३ माणसे बसतात. म्हणजे ज्या दिवसासाठी ही बोट घ्यायची, त्याच दिवशी पाच माणसे काठावर राहणार आणि दोन फेऱ्या माराव्याच लागणार. लहान बोटीला तीन फेऱ्या पडतील. ६७,००० आणि २९,००० डॉलरांमधल्या ३८,००० डॉलरांच्या फरकातून त्या दिवशी तुम्ही एक फेरी वाचवता.

बोटीवरच्या पाटीवर लिहिलेला माणसांचा आकडा ही कमाल मर्यादा असते, सुखाने बसण्याची संख्या नव्हे. त्या आकड्याखाली एकूण वजनाची मर्यादा पौंडांत दिलेली असते आणि खरे लक्ष तिथे द्यायला हवे. बर्फाने भरलेला कूलर, पिशव्या, लाइफ जॅकेट आणि ओले टॉवेल हे सगळे त्या वजनात धरले जाते. वजन कुठे बसले आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. ४ जुलैच्या रात्री आतषबाजी सुरू झाली आणि सगळी मंडळी फोटोसाठी पुढच्या कठड्याशी गोळा झाली, तर मर्यादेत भरलेल्या बोटीचेही नाक खाली जाऊन पाणी डेकवर येऊ शकते. म्हणून पाहुणे असताना, बोट कोणत्याही आकाराची असो, दोन माणसे कमीच घ्यावीत आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाला त्याची जागा सांगावी. फेऱ्या कराव्या लागल्या म्हणून कुणी रागावत नाही. उलट एक तुकडी पाण्यात असताना दुसरी काठावर कणसे भाजते, मुले डॉकवरून मासे धरतात आणि केबिनमध्ये स्वयंपाकघरातली गर्दीही कमी होते. अगदी सगळ्यांनी एकत्रच पाण्यात जायचे असेल, तर जवळच्या रिसॉर्टकडून त्या दिवसापुरती दुसरी पोंटून भाड्याने घ्यावी. मात्र ४ जुलैसाठी ती फार आधी सांगून ठेवावी लागते.

सासूसासऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते दर उन्हाळ्यात काही आठवडे राहणार, म्हणजे त्या काळापुरते ते घरचेच. तेव्हा बोट चौघांची न धरता सहा जणांची धरावी. इथे मला तुमच्या १८ फुटी बोटीबद्दल थोडी शंका येते आणि त्यासाठी चढण्या-उतरण्याचा प्रसंग जरा जवळून पाहायला हवा. डॉकच्या फळ्या आणि बोटीचा डेक यांची उंची क्वचितच सारखी असते. मध्ये वीतभर फट असते आणि ती बोटीच्या हालचालीने कमी-जास्त होत राहते. गुडघे दुखणाऱ्या, साडी नेसलेल्या बाईंना त्या फटीवरून पाऊल टाकताना एक हात कठड्याच्या खांबावर आणि दुसरा कुणाच्या तरी मनगटात हवा असतो, आणि आत आल्यावर लगेच टेकायला जागा लागते. दाराशीच आसन असेल आणि तिथवर जायची वाट मोकळी असेल, तर त्या न घाबरता येतात आणि दुसऱ्या दिवशी आपणहून विचारतात की, आज कधी निघायचे. १८ फुटांत सहा माणसे आणि कूलर मावतात, पण ही वाट बहुतेक वेळा अडते. त्यामुळे बोट पाहायला जाल तेव्हा दाराची रुंदी, दारापासून पहिल्या आसनापर्यंतची मोकळी जागा आणि पाण्यातून वर येण्याची शिडी यांकडे सोफ्याच्या रंगापेक्षा जास्त लक्ष द्या. डेकवर जाजम न घालता विणलेल्या व्हिनाइलचे आच्छादन असेल, तर ओल्या पायांना पकड चांगली मिळते.

तुम्ही विचारले आहे, ‘मी उगाच घाबरते आहे का?’ नाही, तुमची भीती उगाच नाही. फक्त ती बोटीच्या लांबीवर जाऊन बसली आहे, आणि तिची खरी जागा दुसरी आहे. लांब बोट डॉकला लावणे अवघड आणि आखूड बोट लावणे सोपे, हे तितकेसे खरे नाही. पोंटूनचा कठडा, सोफे आणि वरचे छत मिळून वाऱ्याला मोठा पृष्ठभाग देतात. १८ फुटी बोट हलकी असते, त्यामुळे बाजूने वारा आला की ती आधी सरकते. मोठी बोट जड असते, सावकाश सरकते आणि अंगात ताकद असल्यामुळे तिला सावरताही येते. मात्र ती चुकून आदळलीच तर धक्का जोराचा बसतो. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, अगदी मंद गतीने, क्षणभर गिअर टाकून क्षणभर काढत डॉककडे येणे, ही दोन्ही बोटींची एकच रीत आहे. एखादी सकाळ केवळ याच कामासाठी काढून शांतपणे दहा-बारा वेळा बोट लावून पाहिली की हात बसतो. हे शिक्षण तुमच्या पतींइतकेच तुम्हीही घ्या, असा माझा आग्रह आहे, आणि त्यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की, ज्या बोटीला घरातला एकच माणूस हात लावू शकतो, ती त्या माणसाच्या सवडीनेच लिफ्टवरून, म्हणजे बोट पाण्याबाहेर उचलून ठेवणाऱ्या सांगाड्यावरून, खाली उतरते. तुमचे पती केबिनवर बसून ऑफिसचे काम करत आहेत आणि मुले तुमच्यामागे लागली आहेत, अशा दुपारी बोट बाहेर निघाली पाहिजे. दुसरे कारण गंभीर आहे. चालवणारा माणूसच पाण्यात पडला तर बोट वळवून त्याच्याजवळ कोण आणणार? मुलांना रबरी ट्यूबवर बसवून बोटीमागे ओढायच्या वेळी हा विचार अधिकच महत्त्वाचा ठरतो.

पोहता न येणे हा मात्र खरा प्रश्न आहे आणि बोट लहान घेतल्याने तो सुटत नाही. आपल्याकडून आलेल्या कितीतरी प्रौढ माणसांना पोहता येत नाही आणि ते सांगायचा संकोच वाटतो. मिनेसोटातल्या सार्वजनिक जलतरण केंद्रांत प्रौढांसाठी अगदी पहिल्या पायरीपासून वर्ग असतात. या हिवाळ्यातच तुम्ही नाव नोंदवा. तोवर आणि त्यानंतरही लाइफ जॅकेट अंगात असू द्या. मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणे बोट चालू असताना १० वर्षांखालील मुलाच्या अंगात ते असलेच पाहिजे, म्हणजे तुमच्या धाकट्याला ते सक्तीचे आहे. बाकी प्रत्येकासाठी त्याच्या मापाचे जॅकेट बोटीवर हवे, आणि १६ फूट किंवा त्याहून लांब बोटीवर फेकायचे एक तरंगते साधनही हवे. कायद्याला जॅकेट जवळ असलेले चालते. तुमच्या घरात मात्र थोरली मुलगी, तुम्ही आणि सासूसासरे या सगळ्यांनी ते घालण्याचीच रीत पाडा. साडीवरही ते नीट बसते, फक्त छातीच्या मापाने निवडावे आणि पदर आत खोचून घ्यावा.

पुढच्या कठड्याच्या बाहेर, डेकच्या कडेवर पाय सोडून बसण्याचा मोह मुलांना हमखास होतो. बोट चालू असताना हे कदापि होऊ देऊ नका. तिथून घसरलेले मूल दोन नळ्यांच्या मधून थेट मागच्या पंख्याकडे जाते, आणि चालवणाऱ्याला थांबायला वेळच मिळत नाही. मिनेसोटात याला कायद्यानेही मनाई आहे. चालवणाऱ्याने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. तो पडला की दोरी सुटते आणि इंजिन थांबते. १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने २६ फुटांहून कमी लांबीच्या बहुतेक मोटरबोटींवर वेगात असताना ती सक्तीची केली आहे. हा नियम संघराज्याच्या अखत्यारीतल्या पाण्याला लागू होतो. तुमचे छोटे तळे कदाचित त्यात येत नसेल, तरी दोरी अडकवाच. बोट चालवण्याच्या परवान्याचा नियमही मिनेसोटात जुलै २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. आधी तरुणांना आणि २०२८ पर्यंत १९८७ च्या मध्यानंतर जन्मलेल्या सर्वांना तो लागेल. तुम्ही त्या वयोगटात नसलात तरी त्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम दोघांनी मिळून पुरा करावा, म्हणजे घरात एकाच नियमांनी बोट चालेल.

पैशांविषयी. ‘एकदाच घ्यायची वस्तू’ हे आपल्या घरांतले जुने शहाणपण आहे आणि घराच्या, दागिन्याच्या बाबतीत ते अनेकदा बरोबरही ठरते. बोटीला मात्र ते लागू पडत नाही. तिची किंमत पहिल्या दिवसापासून उतरू लागते, आणि मुले १२ व ८ वर्षांची असताना जी बोट हवी असते, ती मुले कॉलेजात गेल्यावर लागत नाही. बोटीसाठी १५ वर्षांचे कर्ज सहज मिळते. त्यामुळे हप्ता लहान दिसतो, पण पहिली काही वर्षे बोटीच्या विक्रीमूल्यापेक्षा कर्जच जास्त राहण्याचा धोका असतो, आणि मन बदलले तरी बोट विकता येत नाही. मिनेसोटाचा विक्रीकर ६.८७५ टक्के आहे, म्हणजे लहान बोटीवर सुमारे २,००० डॉलर आणि मोठीवर सुमारे ४,६०० डॉलर. त्यापुढे लिफ्ट तिच्या वजनाला साजेशी घ्यावी लागते. हिवाळ्यात तळे गोठण्यापूर्वी बोट, लिफ्ट आणि डॉक बाहेर काढावे लागतात, आणि बोट ठेवण्याचे भाडे बहुतेक ठिकाणी फुटाच्या हिशेबाने घेतात. विमाही वाढतो. इंजिन पूर्ण वेगात ताशी किती गॅलन पेट्रोल पिते, याचा ढोबळ अंदाज अश्वशक्तीला दहाने भागून येतो, म्हणजे एकीकडे सहा आणि दुसरीकडे पंधरा.

बर्फ उतरून पाणी निवळेपर्यंत मे उजाडतो आणि लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीच्या सुट्टीनंतर, शाळा सुरू झालेल्या असतात. या काळात तुम्ही दहा शनिवार-रविवार केबिनवर जाऊ शकलात तरी पुष्कळ झाले. पाच वर्षांत असे पन्नास होतात. ३८,००० डॉलरांचा फरक त्यावर वाटला, तर दर खेपेला ७६० डॉलर पडतात, आणि त्यात व्याज धरलेले नाही. पुढे विकताना यातला काही भाग परत येईल हे मान्य. तरी एवढ्या रकमेत भाड्याची मोठी बोट बहुतेक ठिकाणी दिवसभरासाठी मिळते आणि वर पैसे उरतात.

मग माझा सल्ला काय? या दोनच बोटींतून निवडायचे असेल, तर तुमच्या तळ्यासाठी लहान घ्या, आणि निर्धास्तपणे घ्या. पण निवड या दोघींतच करायची, हे कुणी ठरवले? विक्रेत्याच्या आवारात एक टोक तुमच्या पतींना आवडले, दुसरे तुम्हाला, आणि वाद त्या दोन टोकांत अडकला. सहा घरच्या माणसांसाठी मी २० फुटी, साडेआठ फूट रुंद, दोन नळ्यांची बोट घेतली असती आणि तिला त्या बोटीवर चालेल त्या कमाल मर्यादेच्या जवळचे, साधारण ९० अश्वशक्तीचे इंजिन लावले असते. वाढलेल्या दोन फुटांत चढण्या-उतरण्याची वाट मोकळी होते, आणि नऊ-दहा माणसांची क्षमता असल्याने सहा जणांना कोंडल्यासारखे होत नाही. इंजिनाबाबत मात्र मी तुमच्या पतींचे ऐकेन. मुलांना रबरी ट्यूबवर बसवून ओढायचे असेल आणि बोटीत चार मोठी माणसे असतील, तर ६० अश्वशक्तीचे इंजिन धापा टाकते. सहाआठ महिन्यांत ‘जरा मोठे घेतले असते तर’ असे वाटायला लावणारी गोष्ट बहुधा हीच असते, आणि नंतर इंजिन बदलणे फार महाग पडते. पस्तावण्याविषयीच्या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे. शिवाय २० ते २२ फुटी बोटींना जुन्या बाजारात गिऱ्हाईक लवकर मिळते, त्यामुळे अंदाज चुकलाच तरी सुटका सोपी असते.

पत्रात तुमच्याकडे टोयोटाची सिएना गाडी असल्याचा उल्लेख आहे. तिची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड आहे. १८ फुटी बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून त्यात बसण्याजोगे असते, २० फुटी बोट मर्यादेच्या काठावर किंवा थोडी पुढे जाते, आणि २४ फुटी तीन नळ्यांच्या बोटीचे सगळे वजन ५,००० पौंडांच्या घरात जाते. म्हणजे मोठ्या बोटीबरोबर गाडीही मोठी घ्यावी लागली असती. तुम्हाला मात्र बोट एकाच तळ्यावर ठेवायची असल्याने ट्रेलर घेण्याचीच गरज नाही. शरद ऋतूत बोट उचलून नेणे, इंजिन हिवाळ्यासाठी तयार करणे, सांभाळणे आणि वसंतात पुन्हा पाण्यात आणून सोडणे हे सगळे काम त्या भागातले मरीनावाले, म्हणजे बोटी ठेवणारे आणि दुरुस्त करणारे, एकत्र करतात. त्याचा दर आधी लेखी घ्या.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांनी हे उत्तर जसेच्या तसे उचलू नये. मिल लॅक्ससारखे उघडे पाणी असेल, किंवा १४,५०० एकरांच्या मिनेटोंकासारखे सरोवर असेल, जिथे सुट्टीच्या दिवशी बोटींच्या गर्दीने पाणी सतत घुसळलेले असते, तर २२ ते २४ फूट आणि तिसरी नळी यांवर केलेला खर्च मला योग्य वाटेल. घरातल्या मोठ्या मुलांना नियमितपणे वॉटर स्कीइंग करायचे असेल, तरीही. ज्यांना दर खेपेला वेगळ्या तळ्यावर बोट ओढून न्यायची आहे, त्यांनी आधी गाडीची मर्यादा पाहावी आणि मग बोटीची लांबी. मिनेसोटात त्यांच्यावर आणखी एक जबाबदारी येते. झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून बोट स्वच्छ करणे, तिच्यातले पाणी काढून टाकणे आणि रस्त्यावरून नेताना तिची बुचे काढलेली ठेवणे सक्तीचे आहे. तुम्ही जुनी लिफ्ट किंवा डॉक विकत घेणार असाल तर हाच नियम तुम्हालाही गाठेल. एका पाण्यातून काढलेली लिफ्ट दुसऱ्या पाण्यात टाकण्यापूर्वी किमान २१ दिवस कोरडी ठेवावी लागते, तेव्हा ऐन जूनमध्ये ती घ्यायला जाऊ नका.

निर्णयासाठी घाई करू नका. या उन्हाळ्यात सासूसासरे आलेले असताना एका शनिवारी १८ किंवा २० फुटी आणि दुसऱ्या शनिवारी २४ फुटी पोंटून भाड्याने घ्या, शक्य असेल तर तुमच्याच तळ्यावर. दोन्ही दिवशी सहाही जणांनी जावे, कूलर आणि सामान नेहमीसारखे घ्यावे, ट्यूब ओढून पाहावी, आणि निम्मा वेळ बोट तुम्ही चालवावी, डॉकला लावण्यासकट. घरी आल्यावर तुमच्या पतींनी आणि तुम्ही काय सोयीचे वाटले आणि काय अडले ते वेगवेगळ्या कागदांवर लिहून मग एकत्र वाचावे. सौदा ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये करावा. तेव्हा विक्रेत्यांना आवारातला माल हिवाळ्यापूर्वी काढायचा असतो आणि भाव बोलायला वाव मिळतो. मनासारखी बोट तेव्हा मिळाली नाही, तर जानेवारीत मिनिआपोलिसचे बोट प्रदर्शन असतेच. भाव विचारताना बोट, इंजिन, वाहतूक आणि तयारीचा खर्च, कर आणि लिफ्ट या सगळ्यांचा मिळून एकच आकडा मागा आणि पाटीवरची वजनमर्यादा स्वतः वाचून वहीत उतरवून घ्या.